वाचक विचारतात: टोंगाची हिआपो, तुतीची साल आणि हातकागद

मागच्या अंकात टोंगा या प्रशांत महासागरातल्या छोट्या बेटराष्ट्रावर एक टिपण होतं. कागदी तुतीची साल सोलून, कुटून तिथे मोठाले पट करतात, एवढंच त्यात आलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. सारख्या प्रश्नांना एकत्रच उत्तर दिलं आहे.

संग्रहालयात टोंगाचा पट पाहिला. पाटीवर ‘सालीचं कापड’ असं लिहिलेलं, आणि माहिती सांगणारे गृहस्थ म्हणाले, ‘हा कागदच.’ खरं काय? — डोंबिवली

पाटी बरोबर आहे, पण त्या गृहस्थांचंही अगदीच चुकलं नाही. कागद म्हणायचं तर तंतू एकमेकांपासून पुरते सुटे व्हावे लागतात, पाण्यात तरंगावे लागतात आणि मग जाळीवर निथळून त्यांचा थर बसावा लागतो. टोंगात तंतू सुटे करतच नाहीत. झाडाच्या आतल्या सालीत ते मुळातच जाळीसारखे गुंफलेले असतात. ती जाळी न तोडता कुटून कुटून रुंद करायची, एवढंच काम. म्हणून ते नेहमीच्या अर्थाने कापडही नाही (विणलेलं कुठे आहे?) आणि काटेकोर अर्थाने कागदही नाही.

तंतू मात्र कागदाचाच आहे, आणि तोही अव्वल दर्जाचा. टोंगात कागदी तुतीला हिआपो म्हणतात. वनस्पतिशास्त्रातलं नाव ब्रूसोनेशिया पॅपिरिफेरा, कुळ आपल्या वड, फणस, तुतीचंच. जपानी हातकागदाचा मुख्य कच्चा माल ‘कोझो’ हा याचाच जवळचा नातेवाईक. या सालीतला तंतू सरासरी 10 मिलिमीटरच्या आसपास लांब असतो. पाइनचा साधारण 3, निलगिरीचा 1 आणि उसाच्या चिपाडाचा एक-दीड मिलिमीटर. जपानी कागद पातळ असूनही फाटत नाही, त्यामागे मुख्यतः ही लांबी आहे.

टोंगातले शेतकरी हिआपो लावतात कशी? बी कुठे मिळतं? सरळ, बिनफांदीची काठी कशी येते? — दापोली, कृषी पदवीचा विद्यार्थी

बी मिळत नाही, कारण तयारच होत नाही. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. प्रशांत बेटांवरची जुनी झाडं जवळजवळ सगळी मादी आहेत. हजारो वर्षांपूर्वी दर्यावर्दी लोकांनी होडीतून मुळ्या आणि फुटवे नेले, आणि तेच पुढे बेटाबेटांवर गेले. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या झाडांचा माग थेट तैवानपर्यंत लागला. त्यामुळे लागवड होते ती मुळांवरच्या फुटव्यांनी. जुन्या झाडाभोवती जमिनीतून वर येणारा वीतभर-हातभर फुटवा थोड्या मुळीसकट काढायचा, शेंडा आणि मोठी पानं छाटायची आणि पाऊस असताना लावायचा. अंतर साधारण दोन-तीन फूट. ही दाटी मुद्दाम ठेवलेली असते. एकमेकांच्या सावलीत काठ्या उजेडासाठी सरळ वर धावतात, फांद्या कमी फुटतात आणि वाऱ्याचा मार आतल्या झाडांना कमी बसतो.

टोंगाटापू हे मुख्य बेट म्हणजे वर आलेला प्रवाळाचा चुनखडक आणि त्यावर ज्वालामुखीच्या राखेची माती. पाणी झरझर खाली जातं. बेटावर एकही नदी नाही. हिआपोला हे मानवतं, कारण मुळाशी पाणी तुंबलं की ती रडायला लागते. बऱ्याच ठिकाणी ती कोनफळाच्या जातीचे कंद, अळू, केळी यांच्यासोबत मिश्र शेतात असते. गावात मोकळी फिरणारी डुकरं ही वेगळीच डोकेदुखी. कोवळे फुटवे आणि पानं जनावरांना आवडतात, म्हणून कुंपण आधी आणि लागवड नंतर.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे, कारण सगळी मेख तिथे आहे. पानाच्या बेचक्यात बाजूचा डोळा फुटला की तो बोटाच्या पेराएवढा व्हायच्या आत नखाने खुडायचा. पान ठेवायचं, फक्त डोळा काढायचा. घाईने पानंही ओरबाडली तर काठीची वाढ अडते. दर आठ-दहा दिवसांनी शेतात फेरी मारावी लागते, आणि पावसाळी उकाड्यात त्याहून लवकर. डोळा राहिला आणि त्याची फांदी झाली तर काय होतं? ओढ्यातल्या दगडाला वळसा घालून पाणी जावं, तसे सालीतले तंतू फांदीच्या बुडाला वळसा घालून जातात. साल सोलली की तिथे डोळ्याच्या आकाराचं भोक राहतं. चार बोटं रुंद पट्टी कुटून कुटून हातभर होते, आणि पट्टीसोबत भोकही वाढतं. तांदळाच्या दाण्याएवढं भोक शेवटी रुपयाएवढं होतं. मग ठिगळ लावण्यावाचून गत्यंतर नाही.

तोडणी साधारण वर्ष ते दीड वर्षात. काठी दोन-तीन मीटर उंच, बुडाशी अंगठ्याहून थोडी जाड झाली की कापायची. जास्त वय झालं तर साल जाड आणि ताठ होते, काळं बाहेरचं कवच आत रुतून बसतं आणि खरवडताना तंतूही जातो. लवकर कापली तर साल इतकी पातळ की कुटताना चिरते. कापल्यावर बुंध्यातून आणि मुळांतून नवे फुटवे येतात. त्यातले तीन-चार सरळ ठेवून बाकीचे काढून टाकायचे. इथे दया दाखवली की पुढच्या वर्षी दहा बारीक वाकड्या काठ्या मिळतात.

काठी ताजी असतानाच बुडाशी साल उचलायची आणि एका दमात शेंड्यापर्यंत ओढायची. मग बाहेरचं तपकिरी-हिरवं कवच काढायचं. शेजारच्या सामोआत हे काम शिंपल्यांच्या धारेने करतात. आतली पांढरी साल मूळच्या वळणाच्या उलटी गुंडाळली की सपाट बसते. नंतर उन्हात खडखडीत वाळवून ती ठेवता येते. अर्धवट वाळलेली गुंडाळी ठेवली तर दमट हवेत दोन-तीन दिवसांत काळे डाग येतात, आणि तो बुरशीचा डाग पुढे कशानेच जात नाही.

कुटायच्या आधी साल भिजवतात. ‘तुतुआ’ हा लांब लाकडी ओंडका, त्यावर ‘ईके’ या चौकोनी मोगरीने कुटायचं. ईकेच्या काही बाजूंना खाचा असतात आणि एक बाजू गुळगुळीत. खाचांनी साल पसरते, गुळगुळीत बाजूने ती एकसारखी होते. ईके बहुधा ‘तोआ’च्या लाकडाची. तोआ म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचं सुरूचं झाड. कुटून तयार झालेल्या बिनरंगी तुकड्याला फेताआकी म्हणतात. असे तुकडे चिकटवून, रंगवून जो मोठा पट होतो तो न्गातू.

ऑकलंडच्या बाजारात टोंगन बाईंकडून फेताआकीचे तुकडे घेतले. पाण्यात भिजवून मिक्सरमधून काढले, तर लगद्याऐवजी केसांच्या गाठींसारखे गोळे झाले. चाळणीवर कागद बसतच नाही. — ऑकलंड, न्यूझीलंड

आधी एक खात्री करा. न्यूझीलंडमध्ये आणि टोंगातही हल्ली सालीच्या एका थराऐवजी शिवणकामातलं व्हिलीन हे कृत्रिम अस्तर वापरून न्गातू करतात. त्याला नावच ‘न्गातू पेपा’, म्हणजे कागदी न्गातू. कागदाचं नाव ज्याला मिळालं त्यातच कागदाचा तंतू अर्धा, अशी गंमत. तुमच्या तुकड्याचा नखाएवढा कोपरा चिमट्यात धरून पेटवा. साल असेल तर कागदासारखी जळून राख होईल. कृत्रिम असेल तर वितळून कडक मणी होईल. मणी झाला तर तो तुकडा भिंतीवर लावा, पातेल्यात नको.

साल खरी असेल तर चूक दोन ठिकाणी झाली आहे. एक, तुम्ही ती शिजवली नाही. कुटलेल्या सालीतही तंतूंना बांधून ठेवणारं पेक्टिनसारखं डिंकट द्रव्य तसंच असतं. ते अल्कलीत, म्हणजे सोड्यासारख्या क्षाराच्या पाण्यात, विरघळल्याशिवाय तंतू सुटे होत नाहीत, जुडगेच राहतात. दोन, मिक्सर. सेंटिमीटरभर लांबीचे तंतू फिरत्या पात्याभोवती पीळ घेतात. सुती चिंध्यांच्या किंवा रद्दीच्या आखूड लगद्याला मिक्सर चालतो, इथे नाही.

असं करा. वाळलेली साल 1 किलो रात्रभर भिजवा. फेताआकीला खळ लागलेली असेल तर चोळून धुवून काढा. स्टीलच्या किंवा बिनटवक्याच्या एनॅमलच्या मोठ्या पातेल्यात 12 ते 15 लिटर पाणी घ्या आणि त्यात 150 ते 200 ग्रॅम सोडा ॲश (पाण्याचा अंश नसलेला, भुकटीचा धुण्याचा सोडा) विरघळवा. ॲल्युमिनियमचं पातेलं चालणार नाही; सोडा ते खातो आणि लगदा राखाडी होतो. बाजारात स्फटिकांचा धुण्याचा सोडा मिळाला तर त्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच असतं, तेव्हा 200 ग्रॅम सोडा ॲशच्या जागी तो साधारण 540 ग्रॅम लागेल. खाण्याच्या सोड्याने हे काम होत नाही. पाणी उकळल्यावर साल सोडा, पूर्ण बुडवा आणि मंद उकळीवर दोन ते तीन तास ठेवा. दर अर्ध्या तासाने खालची वर करा. फेताआकी आधीच कुटलेली असल्याने दीड तासापासूनच तपासायला लागा.

तपासायची रीत सोपी आहे. एक पट्टी गार पाण्यात बुडवून आडवी पसरा. मच्छरदाणीसारखी जाळी उघडली पाहिजे. मग तीच लांबीच्या दिशेने हलकेच ओढा; जोर न लावता सुटली पाहिजे. ओढताना दोरीसारखी तणावली तर अजून अर्धा तास. बोटांत धरताच लापशी झाली तर जास्त शिजली, म्हणजे कागद मऊ आणि कमजोर होणार. खिडकी उघडी ठेवा आणि हातमोजे घाला, कारण हे पाणी कातडी सोलवटतं.

नंतर पाणी नितळ येईपर्यंत धुवा आणि एक रात्र साध्या पाण्यात ठेवा. आता सगळ्यात कंटाळवाणं काम: उथळ पांढऱ्या परातीत पाणी घेऊन एकेक पट्टी तपासायची, काळ्या सालीचे ठिपके आणि डोळ्यांचे कडक व्रण चिमट्याने वेचायचे. तांदूळ निवडणाऱ्या घरात वाढलेल्यांना हे जमतं. कुटल्यानंतर ठिपका शंभर जागी विखुरतो, मग वेचणं अशक्य.

वेचलेला गोळा पिळून जाड लाकडी पाटावर ठेवा आणि लाकडी मोगरीने कुटा. एका वेळी नारळाएवढा गोळा पुरे. पसरला की घडी घालायची, थोडं पाणी शिंपडायचं, पुन्हा कुटायचं. अर्धा ते पाऊण तास लागतो. चिमूटभर लगदा काचेच्या बरणीत पाणी घालून जोरात हलवा आणि उजेडात धरा. सुटे केस तरंगताना दिसले तर झालं. ढगासारखे पुंजके दिसले तर अजून कुटा.

हौदात 30 लिटर पाण्याला साधारण 60 ग्रॅम कोरड्या तंतूइतका लगदा पुरतो. ए-फोर आकाराचे पातळ, म्हणजे चौरस मीटरला 30 ग्रॅमच्या हिशेबाचे, तीसेक कागद त्यात होतात. एक किलो कोरडी साल शिजून-धुऊन जवळपास निम्मी उरते, त्यामुळे किलोमागे अडीचशेच्या आसपास कागद धरा. शेतातून मोजायचं तर ओल्या काठीच्या वजनाच्या जेमतेम चार-पाच टक्के कागद होतो. बाकी सगळं लाकूड, पाणी, कवच आणि सोड्यात विरघळलेला डिंक.

हातकागदात भेंडीचा रस घालतात म्हणे. तो डिंक म्हणून का? मग सरस किंवा खळ चालेल? — कोल्हापूर

नाही, तो चिकटवायला घालत नाहीत. गुऱ्हाळात भेंडीच्या बुळबुळीत रसाने मळी वर येते, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. इथे त्याच बुळबुळीचा दुसरा उपयोग आहे. पाणी दाट झालं की लांब तंतू एकमेकांत न गुंतता वेगवेगळे तरंगतात, आणि पाणी जाळीतून सावकाश निथळतं, त्यामुळे साचा (जाळी बसवलेली चौकट) हलवून थरावर थर घेता येतो. कागद एकमेकांवर ओलेच रचून दाबले तरी नंतर सुटे होतात, तेही यामुळेच. जपानी कागद-कारागीर जी ‘तोरोरो-आओई’ची मुळी वापरतात ती भेंडीची चुलत बहीणच. खळ किंवा सरस घातला तर रचलेली चळत वाळून फळी होईल.

पाव किलो भेंडी उभी चिरून दोन लिटर गार पाण्यात रात्रभर ठेवा आणि कापडातून गाळा. उकळू नका. हात हौदात बुडवून वर काढल्यावर बोटांवरून थेंबाऐवजी तार पडायला लागेल इतका रस घाला. उन्हाळ्यात हा रस दुपारपर्यंत ‘मरतो’, म्हणजे पातळ होतो. तेव्हा रोज ताजा करा आणि कागद सकाळी पाडा.

इतका चांगला तंतू असताना टोंगा त्याचा लगदा करून गिरण्यांना का विकत नाही? — नाशिक

सगळा देश मिळून साडेसातशे चौरस किलोमीटरच्या आत-बाहेर, वस्ती लाखभर. कागद गिरणीला रोज टनांनी माल लागतो, आणि ही साल काठीगणिक हाताने सोलायची. शिवाय लग्न, मयत, राजघराण्यातले समारंभ यांत न्गातू द्यावाच लागतो, आणि परदेशी गेलेल्या टोंगन कुटुंबांकडूनही मागणी असते. पिकलेली साल घरातच खपते. हे वादळांच्या पट्ट्यातलं बेट आहे; फेब्रुवारी 2018 मध्ये ‘गीता’ चक्रीवादळ टोंगाटापूवर आदळलं, जानेवारी 2022 मध्ये समुद्रातल्या ज्वालामुखीची राख पडली. अशा ठिकाणी एका पिकावर गिरणी बांधायला कोण तयार होईल?

कोकणात बांधावर कागदी तुती लावावी का? टोंगाहून रोपं मागवता येतील? — गुहागर

लावू नका, असंच आम्ही सांगू. टोंगात ती आटोक्यात राहते कारण झाडं मादी आहेत, बी धरत नाहीत आणि फुलायच्या आतच कापली जातात. भारतात डेहराडूनला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणलेली ही जात उत्तरेत आता रानात पसरली आहे. इस्लामाबादेत शहर हिरवं करायला लावलेल्या नर झाडांच्या परागांनी दर वसंतात लोकांना दम्याचा आणि ॲलर्जीचा त्रास होतो. हजारो झाडं तोडूनही ती मुळांतून पुन्हा उठतात. कोकणातल्या पावसात बांधावरची मुळी शेजाऱ्याच्या वाफ्यात निघाली की तंटा ठरलेला. परदेशातून जिवंत फुटवे आणायचे तर आयात परवाना आणि प्लांट क्वारंटाइनची तपासणी लागते. सामानात लपवून आणणं हा गुन्हा आहे, आणि मूर्खपणाही.

हातकागदाची हौस असेल तर बांधावर घायपात आहेच. पुढच्या उत्तरात आणखी एक सोय आहे.

आमची रेशमाची तुती आहे. पाला खाऊन झाल्यावर उरलेल्या काठ्यांच्या सालीचा कागद होईल का? — बीड

होईल. तुतीच्या सालीचा कागद चीनमध्ये पूर्वापार करतात. पण तुमच्या काठ्या कोणत्या, त्यावर सगळं अवलंबून आहे. एका पिकासाठी दोनेक महिन्यांत कापलेल्या फांद्या पेन्सिलीएवढ्या असतात. त्यांची साल पातळ, हिरवट, डिंक जास्त आणि तंतू कमी. कष्टाच्या मानाने हाती काही लागत नाही. वर्षातून एकदा जमिनीलगत छाटणी करता, तेव्हाच्या अंगठ्याएवढ्या काठ्या मात्र बाजूला काढा.

ताज्या असतील तर साल हातानेच निघते. चार-सहा दिवसांच्या असतील तर दीड-दोन फुटांचे तुकडे करून जुन्या तेलाच्या पिंपात उभे रचा, खाली वीतभर पाणी, वर ओलं पोतं, आणि तास-दीड तास वाफ द्या. टोकाला साल अर्धा इंच आखडून पांढरं लाकूड दिसायला लागलं की काढा आणि गरम असतानाच सोला. गार झालं की साल पुन्हा धरते. लगेच बोथट सुरीने बाहेरचं कवच आणि त्याखालचा हिरवा थर खरवडा. हिरवा थर राहिला तर कागद पिवळट-हिरवा येतो. हिआपोपेक्षा तुतीत चिकट द्रव्य जास्त, म्हणून सोडा किलोला 200 ग्रॅमच घ्या, शिजवायला तास जास्त धरा आणि धुताना पाणी चार-पाच वेळा बदला.

पहिल्याच खेपेला नुसत्या तुतीचा कागद पाडायला जाऊ नका. सुती चिंध्यांचा लगदा तीन भाग आणि तुतीचा एक, असं करा. चिंध्यांचा आखूड तंतू पोकळ्या भरतो, तुतीचा लांब तंतू कागदाला ताकद देतो, आणि साचा हलवायचा हात बसेपर्यंत निम्मा माल वाया जात नाही.

दोन पथ्यं. ज्या पिकात अळ्यांना रोग आला होता त्याच्या काठ्या घरात आणू नका, जाळून टाका. आणि सोड्याचं काळं पाणी तुतीच्या सरीत सोडू नका. बीडच्या भारी काळ्या जमिनीत सोडियम साठला की ती चोपण होते, आणि पुढची दोन-तीन वर्षं पाला पिवळा पडतो. ते पाणी वेगळ्या खड्ड्यात आटवा.